संगणकाचा मुकादम

दुकानातला संगणक बिल छापता छापता हिशेबही करतो, तो कसा? प्रोसेसर क्षणाक्षणाला काम बदलतो आणि पाळी ठरवतो तो मुकादम, म्हणजे कर्नल. प्रिंटरसाठी खोळंबलेल्या कामाला तो झोपवतो. प्रिंटरचा इशारा येताच उठवतो. अडून बसलेल्या कामाकडून पाळी काढून घेतो. विंडोज ३.१ मध्ये ही सक्ती नव्हती. एक प्रोग्राम अडला की बाकीचे खोळंबत. १९९५ च्या विंडोज ९५ ने ३२-बिट प्रोग्रामांना ती लागू केली.

बिलाला क्षणभर उशीर चालतो. कटिंग मशीनला चुकीच्या क्षणी मिळालेला हुकूम माल बिघडवतो. त्यासाठी ‘रिअल टाइम’ कर्नल लागतो. मूळ लिनक्समध्ये ती सोय २०२४ मध्ये पूर्ण झाली. कारागीर बंधूंना आम्ही एवढेच सांगू : मशीन घेताना तिची चाल रिअल टाइम यंत्रणा सांभाळते काय, हे जरूर विचारा.