यकृत नवे, मूत्रपिंडे जुनीच

यकृत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होत नाही. तथापि मुंबई-पुण्याहून ती करून आलेले रुग्ण पुढील तपासण्यांसाठी आमच्याकडे येतात. ‘यकृत उत्तम चालले आहे, मग लघवी आणि क्रिएटिनीन दरवेळी कशाला?’ असे त्यांचे नातेवाईक बिलाच्या खिडकीवर विचारतात. प्रश्न रास्त आहे.

नवे यकृत शरीराला परकेच वाटते. ते नाकारले जाऊ नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध बहुतेकांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. १९६३ साली डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी पहिले यकृत प्रत्यारोपण केले, तो रुग्ण वाचला नाही. १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आले आणि ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने रुळली. परंतु हीच औषधे मूत्रपिंडात रक्त नेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या आकुंचित करतात आणि कालांतराने तेथे व्रण धरतात. त्यांच्यामुळे रक्तदाब व मधुमेहही बळावतात. शिवाय अनेकांची मूत्रपिंडे यकृताच्या आजारातच थकलेली असतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात यकृत प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांत शंभरांतील सुमारे १८ जणांची मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी झाल्याचे आढळले.

मूत्रपिंड दुखत नाही, हीच अडचण. क्रिएटिनीन स्नायूंतून तयार होते. म्हणून खंगलेल्या रुग्णाचा आकडा फसवा, चांगला दिसू शकतो. यास्तव डॉक्टर गाळणक्षमतेचा हिशेब व लघवीतील प्रथिनेही पाहतात. बिघाड लवकर कळल्यास टॅक्रोलिमसची मात्रा उतरवून मायकोफेनोलेट किंवा एव्हरोलिमसची जोड देता येते. हा निर्णय मात्र प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांचाच. घरी गोळी कमी करू नये.

टॅक्रोलिमसची पातळी सकाळची गोळी घेण्यापूर्वी तपासतात. गोळी घेऊन आल्यास खेप व पैसे दोन्ही वाया जातात. गुडघेदुखीवर दुकानातून डायक्लोफिनॅक वा आयब्युप्रोफेन आणणे या रुग्णांस फार महागात पडते. बुरशीवरील काही औषधे व काही प्रतिजैविके टॅक्रोलिमसची पातळी वाढवतात. जुलाबातही ती वाढू शकते, त्यात शरीरातील पाणी घटते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

आम्ही हिशेबाची माणसे. शस्त्रक्रिया हा भांडवली खर्च, त्यास दाते मिळतात. तपासणी हा आवर्ती खर्च, त्याची कोनशिला बसत नाही. पैशांअभावी दोन-तीन तपासण्या चुकतात आणि पुढे आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसची वेळ येते, तेव्हा पहिली सारी देणगीही धोक्यात येते. ज्यांना या कामी साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी देणगी देताना ‘प्रत्यारोपणोत्तर तपासणी’ असा उल्लेख करावा. ती रक्कम त्याच शीर्षाखाली जमा होईल आणि तिचा विनियोग पुढील अहवालात स्वतंत्रपणे दाखविला जाईल.