रक्तातली बुरशी : जीव नेमका कशाने जातो?

आयसीयूतल्या रुग्णाच्या ‘रक्तात फंगल इन्फेक्शन’ निघालं, की महाराष्ट्रात नातेवाइकांच्या मनात पहिल्यांदा ब्लॅक फंगस येतो. २०२१ ची ती दहशत अजून ओसरलेली नाही. पण कोविडनंतर नाक, सायनस, डोळा पोखरत गेलेला म्युकरमायकोसिस हा आजार निराळा. आयसीयूत रक्तात सापडणारी बुरशी बहुतेक वेळा कॅन्डिडा असते आणि तिची औषधंही बरीचशी वेगळी असतात.

‘हॉस्पिटलच्या घाणीतूनच आली असणार’ हा राग समजण्यासारखा आहे, पण तो अर्धाच खरा. कॅन्डिडा निरोगी माणसाच्या तोंडात आणि आतड्यातही असते. तीव्र अँटिबायोटिक्सनी आतड्यातले जिवाणू मेले की तिला रान मोकळं मिळतं. पोटाचं ऑपरेशन किंवा मोठ्या शिरेत घातलेली सेंट्रल लाइन तिला रक्तात शिरायची वाट करून देते. मात्र कॅन्डिडा ऑरिस ही जात हातांवरून, खाटांवरून, उपकरणांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाते. तिथे स्वच्छतेचा आग्रह धरायलाच हवा.

सगळ्यात घातक समज मात्र वेगळा आहे : ‘पेशंट तसाही हाताबाहेर गेला होता, बुरशी फक्त निमित्त.’ भारतातल्या २७ आयसीयूंमधल्या, रक्तात कॅन्डिडा सापडलेल्या १,४०० रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३० दिवसांत ४४.७ टक्के रुग्ण दगावले. मूळ आजाराचा भाग वेगळा काढल्यावर बुरशीच्या खात्यावर उरलेला वाटा १९.६ टक्के होता. म्हणजे दर शंभर रुग्णांमागे जवळपास वीस मृत्यू या संसर्गाचे. याला निमित्त म्हणता येत नाही.

मृत्यूचा धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी त्या अभ्यासात स्वतंत्रपणे ठळक दिसल्या, त्या अशा : दाखल होतानाच आजार गंभीर असणं, मूत्रपिंडं निकामी असणं, सेंट्रल लाइन, स्टेरॉइड्स आणि सरकारी रुग्णालयात दाखल असणं. शेवटचा मुद्दा मला फार अस्वस्थ करतो. माझ्या मते तो डॉक्टरांच्या कौशल्याविषयी कमी आणि गर्दी, अपुरी माणसं, महागडी औषधं यांविषयी जास्त बोलतो. २०१२ मध्ये कॅन्डिडावरच्या औषधांच्या सात चाचण्यांमधल्या १,९१५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा वाढतं वय, प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार आणि कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस ही जात यांच्याशीही जास्त मृत्यूंचा संबंध दिसला. भारतीय आयसीयूंच्या त्या अभ्यासात सर्वाधिक सापडलेली जात हीच होती.

वय किंवा मूळ आजार कुणाला बदलता येत नाही. वेळ मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. अमेरिकेतल्या २००६ च्या एका अभ्यासात, ज्या दिवशी कल्चरसाठी रक्त घेतलं त्याच दिवशी बुरशीचं औषध सुरू झालेल्यांपैकी १५ टक्के दगावले. एक दिवस उशिरा सुरू झालं तेव्हा २४ टक्के, दोन दिवसांनी ३७, आणि तीन किंवा त्याहून जास्त दिवसांनी ४१ टक्के.

म्हणूनच ‘रिपोर्ट येऊ द्या, मग बघू’ हा सल्ला दर वेळी शहाणपणाचा नसतो. रक्ताचं कल्चर वाढायला दिवस लागतात, शिवाय खोलवरचा कॅन्डिडा संसर्ग असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांत ते निगेटिव्हच येतं. धोक्याची लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर रिपोर्टआधीच औषध सुरू करतात, त्यात घाई नसते. थुंकीत किंवा लघवीत कॅन्डिडा दिसली तर पुष्कळदा उपचार लागत नाहीत. रक्तात एकदाही दिसली, तर ‘नमुना दूषित झाला असेल’ म्हणून ती सोडून देता येत नाही.

औषधाबाबतही गल्लत होते. फ्लुकोनॅझोल ओळखीचं आणि स्वस्त, पण कॅन्डिडा क्रुसेईवर ते मुळातच चालत नाही आणि ऑरिसवर बहुतेकदा फुकट जातं. गंभीर रुग्णाला सुरुवातीला कॅस्पोफंजिन, मायकाफंजिन यांसारखी एकिनोकॅन्डिन गटातली औषधं देण्याची शिफारस आहे. सात चाचण्यांच्या त्या विश्लेषणात ही औषधं मिळालेले आणि सेंट्रल लाइन काढलेले रुग्ण जास्त संख्येने वाचले होते.

लाइन काढायची म्हटल्यावर घरचे धास्तावतात : मग औषधं द्यायची कुठून? पण नळीच्या आतल्या बाजूला बुरशी चिकट थर धरून बसते आणि तिथवर औषधाचा मारा पोचत नाही. शक्य तितक्या लवकर ती नळी काढून नवी दुसरीकडे घालणं हा उपचाराचाच भाग आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार घटलेल्या कॅन्सर रुग्णांत बुरशी अनेकदा आतड्यातून आलेली असते, म्हणून तिथे हा निर्णय रुग्णागणिक घेतात.

ताप उतरला की औषध थांबवायचं नसतं. गुंतागुंत नसेल तर १४ दिवस, पण ते मोजायचे रक्त पहिल्यांदा निगेटिव्ह आल्यापासून, म्हणून कल्चर पुन्हा पुन्हा करावं लागतं. आणि रुग्णाची तक्रार नसली तरी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा तपासून घेण्याचा आग्रह जरूर धरा. रक्तातून बुरशी तिथे पोचते आणि एकिनोकॅन्डिन डोळ्यात नीट उतरत नाही. तिथे संसर्ग सापडला तर औषध बदलावं लागतं.