कॅमेरा चेहरा पाहतो तेव्हा

मोठ्या शहरांतल्या काही त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि सौंदर्यचिकित्सेच्या केंद्रांत चेहरा तपासण्याचं एक यंत्र असतं. आकार पेटीसारखा. हनुवटी टेकवायला आधार, कपाळाला पट्टी. चेहरा धुऊन, पावडर-काजळ पुसून, केस मागे बांधून आत डोकं घालायचं आणि डोळे मिटायचे. समोरून, डावीकडून, उजवीकडून फोटो निघतात. थोड्याच वेळात पडद्यावर आपला चेहरा येतो आणि तो पाहून भलेभले दचकतात. म्हणूनच हे यंत्र काय दाखवतं आणि काय नाही, हे माहीत असलेलं बरं.

सारी करामत प्रकाशाची आहे. साध्या पांढऱ्या उजेडात सुरकुत्या आणि उघडी छिद्रं दिसतात. दुसरा फोटो ध्रुवीकृत प्रकाशात काढतात. तळ्याच्या पाण्यावर ऊन चकाकत असलं की तळ दिसत नाही. विशिष्ट काचेचा गॉगल लावला की चकाकी जाते आणि तळ दिसतो. तसंच इथे होतं. त्वचेवरची चमक गाळली जाते आणि खालची लाली, तपकिरी डाग स्पष्ट होतात. तिसरा फोटो अतिनील किरणांचा. त्वचेतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य ते किरण शोषून घेतं, म्हणून ते जिथे जास्त साठलं असेल तिथे काळे ठिपके उमटतात. मुरमांशी संबंध असलेले जिवाणू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य तयार करतात. ते या किरणांत नारिंगी-तांबूस चमकतं.

यामागची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०३ साली अतिनील किरण तेवढे पुढे जाऊ देणारी काच तयार केली. १९२५ साली डोक्याच्या केसांतला नायटा ओळखायला तिचा उपयोग झाला. कोडाचे डाग पाहायला डॉक्टर आजही अंधाऱ्या खोलीत वुडचा दिवा वापरतात. नवी गोष्ट आहे ती संगणकाची. तो ठिपके मोजतो, लालीचं क्षेत्रफळ काढतो आणि गुण देतो.

हे गुण परीक्षेतल्या गुणांसारखे नसतात. तुमच्या वयाच्या, तुमच्यासारखी त्वचा असलेल्या शंभर जणांची रांग लावली, तर तुमचा नंबर कितवा, एवढंच ते सांगतात. तेव्हा पहिला प्रश्न हा, की ही शंभर माणसं कुठली? त्वचेचे प्रकार ठरवण्याची सर्वत्र वापरली जाणारी पद्धत टॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचातज्ज्ञांनी १९७५ साली मांडली. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, यावर ती आधारलेली आहे. सुरुवातीला तिच्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा नंतर जोडला गेला. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात. सावळ्या कातडीत मेलॅनिन सगळीकडेच भरपूर असतं, त्यामुळे अतिनील किरणांत डाग आणि आसपासची त्वचा यांतला फरक पुसट होतो. तुलनेच्या रांगेत आपल्यासारखी माणसं कमी असतील, तर त्या नंबराला फारसा अर्थ उरत नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. उन्हातान्हात वावरलेल्या कुठल्याही प्रौढ माणसाचा अतिनील फोटो डागाळलेलाच दिसणार. तो आजार नाही. चंद्रासारखा मुखडा ही उपमा मराठीत आहे, उर्दूतही आहे. आणि चंद्राला डाग असतात हे दोन्हीकडच्या कवींना पक्कं ठाऊक होतं. पण लग्न ठरायच्या वयाच्या सावळ्या मुलीला असा फोटो दाखवून त्याच बैठकीत सहा महिन्यांच्या उपचारांचे पैसे भरायला सांगितले, तर ती तपासणी राहत नाही, ती विक्री होते.

कॅमेऱ्याला डाग दिसतो, डागाचं कारण दिसत नाही. गालांवर वांग आले असतील, तर बाई गरोदर आहे का, संततिनियमनाच्या गोळ्या घेते का, दिवसभर शेतात किंवा चुलीपुढे असते का, हे विचारावं लागतं. चेहरा लालबुंद झाला असेल, तर घरी कोणती ट्यूब लावता, हे विचारावं लागतं. गोरं होण्यासाठी म्हणून स्टेरॉइड असलेली मलमं आपल्याकडे सर्रास चेहऱ्याला फासली जातात. त्यांनी कातडी पातळ होते, मुरूम येतात, आणि मलम थांबवलं की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. यंत्र इथे लाली मोजून देईल. ट्यूबचं नाव पेशंटच्या तोंडूनच कळेल.

मग यंत्राचा उपयोग काय? उपयोग आहे, आणि चांगला आहे. उपचारांआधी एक फोटो आणि तीन महिन्यांनी दुसरा, त्याच उजेडात, त्याच कोनातून. वांग किंवा मुरमांचे डाग हळूहळू फिके होतात. रोज आरशात पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि तो कंटाळून औषध सोडतो. दोन फोटो शेजारी ठेवले की औषध लागू पडतंय की नाही, ते डॉक्टरांना आणि पेशंटला एकदमच कळतं. इथे तुमची तुलना तुमच्याशीच असते. मोबाइलवर हे काम नीट होत नाही, कारण खोलीतला उजेड बदलतो आणि अनेक फोन चेहरा परस्पर गुळगुळीत करून टाकतात.

म्हणून यंत्रापुढे बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. फोटो पाहून निदान कोण करणार, त्वचारोगतज्ज्ञ की विक्रेता? माझी तुलना कुणाशी होते आहे? आणि माझे फोटो कुठे राहणार, जाहिरातीत तर वापरणार नाही ना? व्यक्तिगत माहिती वापरण्यासाठी संमती घेण्याचा कायदा संसदेने २०२३ साली मंजूर केला आहे. सही करण्याआधी कागद वाचावा. एटीएमचा आकडा बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही.