रणगाड्याची तोफ आणि निवडीचा विवेक

बालरोगतज्ज्ञाने रणगाड्यांवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु युद्धेतिहासाच्या वाचनाचा छंद मला विद्यार्थिदशेपासून आहे. शिवाय बीदर-कलबुर्गी परिसरात राहणाऱ्याला तोफांचे कुतूहल वेगळे शिकवावे लागत नाही. बीदरच्या किल्ल्याच्या बुरुजांवर लोखंडी पट्ट्या एकत्र जोडून, त्यांवर कडी चढवून घडविलेल्या अजस्र तोफा आहेत. कलबुर्गीच्या किल्ल्यातील ‘बारा गझी’ तोफ सुमारे २९ फूट लांब आहे. बुरुजावरच्या अशा तोफेला जागचे हलणे नसे. शत्रूच तिच्या टप्प्यात यावा लागे. रणगाडा म्हणजे चालता बुरूज. तो कोठे जाईल आणि त्याच्यासमोर कोण उभे ठाकेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणूनच त्याच्यावर तोफ कोणती बसवावी, हा दुसऱ्या महायुद्धातील एक अत्यंत बिकट प्रश्न होऊन बसला.

रणगाड्याच्या तोफेला दोन कामे असतात. पहिले, शत्रूच्या रणगाड्याचे पोलाद भेदणे. त्यासाठी भरीव व अतिवेगवान गोळा लागतो. दुसरे, खंदक, मोर्चे, घरे आणि लपवून ठेवलेल्या रणगाडाविरोधी तोफा उद्ध्वस्त करणे. त्यासाठी भरपूर दारू भरलेला स्फोटक गोळा लागतो. या दोन गरजांचे आपसात पटत नाही. वेग वाढवायचा तर नळीत दाब वाढतो. तो दाब सोसण्यासाठी स्फोटक गोळ्याचे कवच जाड करावे लागते आणि आत दारूला जागा कमी उरते. शिवाय काडतूस लांबते, ते भरणाऱ्या सैनिकाची अरुंद जागेत तारांबळ उडते आणि रणगाड्यात मावणाऱ्या गोळ्यांची संख्या घटते.

एकाच कामाचा विचार केला तर काय होते, हे ब्रिटिशांच्या ‘टू-पाउंडर’ तोफेने दाखवून दिले. ४० मि.मी.ची ही तोफ युद्धारंभी पोलाद भेदण्यात चांगली होती. पण रणगाड्यातील सैनिकांना तिच्यासाठी स्फोटक गोळा व्यवहारात मिळतच नव्हता. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मन तोफा दूरवर जमिनीत दडून बसत आणि ब्रिटिश रणगाड्यांना त्यांच्यावर प्रभावी मारा करता येत नसे. या उणिवेची किंमत तरुण सैनिकांनी प्राणांनी मोजली.

अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यावर ७५ मि.मी.ची मध्यम वेगाची तोफ बसविली गेली, ती दोन्ही कामांचा मेळ घालण्यासाठीच. तिच्या स्फोटक गोळ्यात सुमारे ६७० ग्रॅम दारू असे. पुढे आलेल्या अधिक वेगवान ७६ मि.मी. तोफेच्या गोळ्यात ती जेमतेम ३९० ग्रॅम उरली. रणगाड्यात मावणारे गोळेही सुमारे ९७ वरून ७१ वर आले. त्यामुळे १९४४ च्या वसंतात नवी तोफ इंग्लंडमध्ये पोहोचली, तेव्हा अनेक अमेरिकी सेनाधिकारी ती घेण्यास फारसे उत्सुक नव्हते. त्यांचा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, कारण शर्मनची गाठ शत्रूच्या रणगाड्यांपेक्षा पायदळाशी आणि तोफांशीच अधिक वेळा पडे. पण नॉर्मंडीत पँथर समोर आला, तेव्हा त्याच्या दर्शनी पोलादापुढे ७५ मि.मी.चा गोळा निष्प्रभ ठरला आणि नव्या तोफेची मागणी तातडीची झाली. ब्रिटिशांनी निराळा मार्ग काढला होता. चार रणगाड्यांच्या तुकडीत साधारणतः तीन शर्मन ७५ मि.मी.चे आणि एक ‘फायरफ्लाय’, म्हणजे शक्तिमान ‘सेव्हन्टीन-पाउंडर’ तोफ बसविलेला. नित्याचे काम तिघांनी करायचे आणि पँथर वा टायगर दिसला की चौथ्याने पुढे व्हायचे.

रशियनांनी याच्या उलट टोक गाठले. आयएस-२ या रणगाड्यासाठी १०० मि.मी.ची तोफ अधिक भेदक असूनही त्यांनी १२२ मि.मी.ची तोफ निवडली. तिचा स्फोटक गोळा सुमारे २५ किलोंचा होता आणि ती तोफ व तिचा दारूगोळा कारखान्यांत आधीपासूनच तयार होत होता. मात्र रणगाड्यात गोळे मावत अवघे २८, आणि मिनिटाला दोन-तीनच झाडता येत.

या विषयाचा आपल्या दख्खनशी संबंध दोन वळणांवर येतो. पहिले वळण ब्रह्मदेशात. निजामाच्या जुन्या फौजेतून घडलेली ‘रॉयल डेक्कन हॉर्स’ ही पलटण १९४५ च्या मार्चमध्ये मेइक्तिलाच्या लढाईत शर्मन रणगाडे घेऊन उतरली होती. जपान्यांकडे पँथरसारखे रणगाडे नव्हते. होते ते मातीचे आणि लाकडी ओंडक्यांचे अभेद्य मोर्चे. ब्रह्मदेशात अशा मोर्च्यांवर मारा करण्याची एक पद्धत ठरून गेली होती. आधी स्फोटक गोळ्यांनी झाडोरा उडवायचा, मग उशिरा फुटणाऱ्या गोळ्यांनी मोर्च्याचे तोंड फोडायचे, आणि आपले पायदळ अगदी जवळ पोहोचले की फक्त भरीव गोळे झाडायचे, म्हणजे आपल्याच माणसांना किरचा लागत नाहीत. युरोपात अपुरी ठरलेली तीच ७५ मि.मी.ची तोफ येथे अचूक लागू पडली.

दुसरे वळण आपल्या दारातले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य सोलापूरकडून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरले. त्याच दिवशी उमरगा आणि दुसऱ्या दिवशी आपल्या बीदर जिल्ह्यातील राजेश्वर हाती आले. महायुद्धातलेच शर्मन आणि ३७ मि.मी. तोफेचे हलके स्टुअर्ट रणगाडे याच रस्त्याने गेले. हैदराबादकडे चिलखती गाड्या होत्या, पण शर्मनच्या तोडीचे रणगाडे नव्हते. खरा अडथळा होता तो सुरुंगांचा आणि आडोशांतून गोळीबार करणाऱ्या रझाकारांचा. त्यांच्यापुढे ७५ मि.मी.च्या तोफा आणाव्या लागल्या, आणि १७ सप्टेंबरच्या पहाटे सैन्य बीदरमध्ये दाखल झाले.

या विजयाची दुसरी बाजूही येथे नोंदवली पाहिजे. कारवाईपूर्वी मे १९४८ मध्ये गोरटा गावाने रझाकारांचा नरसंहार सोसला होता. कारवाईनंतरच्या सूडसत्रात निरपराध मुसलमान कुटुंबे बळी पडली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नमूद केले. हे अनर्थ रणगाड्यांच्या तोफांनी घडविले नाहीत. योग्य तोफ रस्ता मोकळा करते. त्या रस्त्यावर मागाहून काय घडेल, त्याची हमी ती देत नाही. दोन्हीकडच्या कुटुंबांची नातवंडे-पतवंडे आज माझ्या तपासणीच्या खोलीबाहेर एकाच बाकावर बसतात, तेव्हा हे मला विशेष जाणवते.

आपल्या व्यवसायात तोफेची निवड रोजच करावी लागते. खोकणाऱ्या प्रत्येक बालकाला सर्वांत जहाल प्रतिजैविक द्यावे, असा मोह पालकांच्या आग्रहामुळे आणि आपल्याच धास्तीमुळे होतो. साध्या विषाणुजन्य सर्दीत त्याचा उपयोग शून्य, आणि जंतूंना मात्र प्रतिकाराचे शिक्षण फुकट. गुंतागुंत नसलेल्या न्यूमोनियात तोंडाने द्यावयाचे अमॉक्सिसिलिन हीच जागतिक आरोग्य संघटनेचीही पहिली पसंती आहे. तेच आपले ७५ मि.मी. परंतु मेंदूज्वराने तापलेले, मान ताठ झालेले मूल समोर आले, तर तेथे पँथर उभा आहे हे क्षणात ओळखून ‘सेव्हन्टीन-पाउंडर’ काढावी लागते. त्या वेळचा विलंब अक्षम्य ठरतो.

माशी मारायला तोफ नको, हे आपण सारेच म्हणतो. त्याच्या जोडीला हेही ध्यानी ठेवावे, की नित्याच्या शत्रूसाठी केलेली निवड कितीही शहाणपणाची असली, तरी क्वचित येणाऱ्या बलाढ्य शत्रूसाठी चौथा रणगाडा तुकडीत असावाच लागतो. आणि त्याला कधी पुढे काढायचे, हे सांगणारी नजर आपली आपणच कमवावी लागते.