नवी टूरिंग बाईक घेतली? ॲक्सेसरीजची यादी करण्याआधी हे वाचा



दिवाळीनंतरची गोष्ट आहे. दुकानात एक पोरगा आला, सोबत त्याचे वडील. नवी कोरी हिमालयन ४५०, डिलिव्हरी मिळून दोनच दिवस झालेले. पोराच्या मोबाईलमध्ये यादी तयार होती. क्रॅश गार्ड, दोन फॉग लाईट, टॉप बॉक्स, दोन्ही बाजूंच्या लोखंडी पेट्या, मोठं विंडशील्ड, मोबाईल होल्डर आणि आवाजाचा सायलेन्सर. मी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली तर आकडा बावन्न हजारांवर गेला. वडील अंबड तालुक्यातले, मोसंबीची बाग असलेले. ते हळूच म्हणाले, "भाऊ, हे सगळं लागतंच का?"

मी "हो" म्हटलं असतं तर तेवढ्यावरच त्या दिवसाचा गल्ला भरला असता. पण मी पोराला विचारलं, "हेल्मेट कोणतं आहे?" त्यानं आरशाला लटकवलेलं दाखवलं. रस्त्याच्या कडेला चादरीवर मांडून विकतात ना, ते. यादीत हेल्मेट नव्हतंच!

त्या दिवशी तो पोरगा हेल्मेट, ग्लोव्हज आणि पंक्चर किट एवढंच घेऊन गेला. बाकीची यादी त्याच्या हातात परत दिली आणि सांगितलं, "हजार किलोमीटर चालव, मग ये."

आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे. यादी व्हिडिओ बघून बनवू नका, तुमच्या रस्त्यावर गाडी चालवून बनवा. आता हे कसं करायचं ते बघू.

मी स्वतः केलेली चूक

माझी पहिली मोठी गाडी आली तेव्हा मीही पहिल्याच आठवड्यात दोन जास्तीचे लाईट बसवले. वायरिंगवाल्यानं रिले टाकला नाही, फ्यूज टाकला नाही, हेडलाईटच्याच वायरला जोड मारून दिला. मी शंभर रुपये वाचले म्हणून खूश. लोणारहून मंठामार्गे रात्री परत येत होतो. वायर तापून वितळली आणि हेडलाईटसकट सगळं बंद. समोर उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. ब्रेक लागला म्हणून आज हे लिहितोय. वस्तू चांगलीच होती. घाईत घेतली आणि बसवताना पैसे वाचवले, ते चुकलं.

आधी आपला रस्ता ओळखा

आपल्या जालन्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई. पण दुचाकीला तिथे प्रवेश नाही. म्हणजे तुमची टूरिंग बाईक जुन्या रस्त्यांवरच धावणार. सिंदखेडराजा, लोणार, राजूरचा गणपती, भोकरदनवरून अजिंठा, संभाजीनगरवरून वेरूळ. बहुतेक राईड एका दिवसाच्या. वाटेत गावागावाचे स्पीडब्रेकर, कडेची माती, उन्हाळ्यात चाळिशीपार ऊन आणि रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली.

यूट्यूबवरच्या याद्या बहुतेक लडाखसाठी बनवलेल्या असतात. लडाखला जाणाऱ्यानं पाच लिटरचे डबे टांगणं ठीक आहे. पण हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची आहे आणि आपल्याकडे दर थोड्या अंतरावर पंप आहे. तो डबा घेऊन तुम्ही जाणार कुठे?

पहिले हजार किलोमीटर: फुकटातले अपग्रेड

या काळात खिशाला हात लावायचा नाही, पान्याला लावायचा.

सीट: हिमालयन ४५० ची सीट ८२५ आणि ८४५ मिलिमीटर अशा दोन उंचींवर बसते. बऱ्याच मालकांना हे माहीतच नसतं आणि ते सीट कापून घेतात. आधी मॅन्युअल वाचा.

क्लच आणि ब्रेकचे लिव्हर: हात सरळ ठेवला की बोटं आपोआप लिव्हरवर आली पाहिजेत. मनगट वाकत असेल तर कोन बदलून घ्या. निम्मी हातदुखी तिथेच थांबते.

मागचा सस्पेन्शन: एकटे जाता की मागे कुणी बसतं, त्यानुसार प्रीलोड बदला.

हवा: एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. टायर थंड असताना तपासा.

आणि एक छोटी वही ठेवा. प्रत्येक राईडनंतर दोनच ओळी लिहायच्या: काय दुखलं, काय कमी पडलं. हजार किलोमीटरनंतर तीच तुमची खरी यादी. पहिली सर्व्हिसही तोपर्यंत होऊन जाते, म्हणजे मेकॅनिकलाही विचारता येतं.

मग पैसे या क्रमानं लावा

पहिली पायरी, शरीर. हेल्मेटवर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. १ जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही. घालून मान हलवा. हेल्मेट डोक्यावर फिरलं तर एक साईज लहान घ्या. मागे बसणाऱ्यालाही तेवढंच चांगलं हेल्मेट घ्या. डोकं दोघांचंही एकच असतं, सुटं मिळत नाही. जॅकेट घ्यायचं तर आपल्या उन्हाला जाळीचं घ्या. कपाटात टांगलेलं जाड जॅकेट कुणालाच वाचवत नाही. खांदा, कोपर आणि पाठ इथे सीई प्रमाणित पॅड आहेत का ते हातानं चाचपून बघा. पाठीत बऱ्याचदा नुसता स्पंज असतो.

दुसरी पायरी, थांबणं आणि दिसणं. ट्यूबलेस टायर असेल तर पंक्चर किट आणि छोटा पंप. ट्यूब असेल तर जास्तीची ट्यूब आणि चाक खोलायची अवजारं. पुढची आणि मागची ट्यूब वेगळी असते हे विसरू नका. हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची आहे, मागचं १७ इंची. रात्री खरंच जाता का? वहीत बघा. जात असाल तरच लाईट.

तिसरी पायरी, सामान आणि गाडीचा बचाव. क्रॅश गार्ड, सॅडल स्टे, बॅगा.

चौथी पायरी, हौस. स्टिकर, रंगीत लिव्हर, मोबाईल होल्डर. हौसेला मोल नसतं, मान्य. पण तिचा नंबर शेवटी. आणि गाडीत आधीच काय आहे ते बघा. हिमालयन ४५० च्या गोल डॅशवरच मोबाईल जोडून गूगल मॅप दिसतो. शिवाय ॲपलनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की जास्त ताकदीच्या मोटारसायकल इंजिनाच्या थरथरीनं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो. म्हणजे होल्डर घ्यायचाच तर थरथर शोषणारा घ्या. तसंच बजाजनं ऑक्टोबर २०२१ मध्ये डॉमिनार ४०० ला विंडशील्ड, हँड गार्ड, कॅरिअर कंपनीतूनच बसवून दिले. अशी गाडी घेणाऱ्यानं तेच पुन्हा बाहेरून का घ्यायचं?

दोन हिशोब कागदावर करा

पहिला हिशोब वजनाचा. हिमालयन ४५० चं वजन १९६ किलो आणि तिची भार पेलायची क्षमता १९८ किलो आहे. आता समजा तुम्ही ८० किलो, मागे ६० किलो. उरले ५८. क्रॅश गार्ड, स्टे, लोखंडी पेट्या आणि टॉप बॉक्स रिकामेच मिळून समजा ३० किलो. मग कपडे, पाणी, अवजारं यांना उरले फक्त २८ किलो. पेट्यांच्या जागी कापडी बॅगा घेतल्या तर बरेच किलो परत मिळतात. आणि जड वस्तू टॉप बॉक्समध्ये ठेवू नका. तो मागच्या चाकाच्याही मागे असतो. तिथे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगतं. जड सामान खाली आणि सीटच्या जवळ.

दुसरा हिशोब विजेचा. वॅट भागिले व्होल्ट बरोबर अँपिअर. ४० वॅटचे दोन लाईट म्हणजे ८० वॅट. भागिले १२, म्हणजे जवळपास पावणेसात अँपिअर. एवढा करंट हेडलाईटच्या नाजूक वायरमधून ओढायचा नसतो. बॅटरीपासून वेगळी वायर, रिले आणि १० अँपिअरचा फ्यूज, एवढं लागतंच. कंपनीची वायर कापली आणि पुढे वायरिंगमध्ये बिघाड झाला तर वॉरंटीचा दावा अडकू शकतो. त्यामुळे कापाकापी न करता कपलर लावून घ्या. आणि लाईटचा झोत खाली ठेवा. समोरच्याला आंधळं करून तुम्ही सुरक्षित होत नाही.

कायदा आणि विमा

आवाजाचा सायलेन्सर मी विकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे नियम मोडले तर दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तीन महिने लायसन्सवर गदा येते. गाडीत बेकायदा बदल केला तर कलम १८२अ नुसार प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड आहे.

पेट्या लावताना बरेच जण साडी गार्ड काढून टाकतात. तसं करू नका. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण नियमानुसार बंधनकारक आहे. आपल्याकडे आई, बायको साडीत किंवा ओढणी घेऊन मागे बसतात. स्टे घेतानाच विचारा, "साडी गार्ड ठेवून बसतो का?"

बाहेरून लावलेल्या महाग वस्तूंचं पक्कं बिल घ्या आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मिळणं कठीण.

दुकानदार मित्रांसाठी एक गोष्ट

आपल्यातले बरेच जण छोटा धंदा करतात, म्हणून सांगतो. नवीन दुकान टाकणाऱ्याचंही असंच होतं. पहिल्याच महिन्यात काचेचं फर्निचर, मोठा बोर्ड, एसी. माल भरायला पैसे उरत नाहीत. आधी गरज, मग सोय, मग शोभा. गाडी असो की गाळा, क्रम बदलला की पैसा अडकतो.

तो पोरगा दीड महिन्यानं परत आला. चौदाशे किलोमीटर झाले होते. वहीत काय होतं? "पाठीवरच्या बॅगेनं खांदे दुखतात" हे चार वेळा. "रात्री गेलो नाही" हे प्रत्येक वेळी. "राजूरजवळ मातीत गाडी आडवी झाली, लिव्हर वाकला" हे एकदा. त्यानं क्रॅश गार्ड, सॅडल स्टे आणि कापडी बॅगा घेतल्या. लाईट, पेट्या, विंडशील्ड, सगळं यादीतून गेलं. आधीचं हेल्मेट वगैरे धरून एकूण खर्च चोवीस हजार.

अठ्ठावीस हजारांचा धंदा गेला म्हणायचं का? गेल्या महिन्यात त्याचे वडील दुकानात आले, शेजारच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या मुलाला घेऊन. मला काही बोलूच दिलं नाही. त्या मुलाकडे बघून स्वतःच म्हणाले, "आधी हेल्मेट दाखव तुझं."

चला, या रविवारी हवा तपासा, लिव्हरचा कोन बघा आणि वही सुरू करा. रिले आणि फ्यूज कसे जोडायचे ते पुढच्या व्हिडिओत प्रत्यक्ष दाखवतो. तोपर्यंत सांभाळून चालवा. घरी कुणीतरी वाट बघतंय.