भावना दुखावल्या, म्हणजे गुन्हा झाला?

सुरतेच्या भेस्तान, पांडेसरा, उधना या पट्ट्यात खानदेशातून येऊन स्थिरावलेली मराठी घरं पुष्कळ. मोर्चात कुणाचा पुतळा जळाला, कुणाच्या नावानं शिव्याशाप झाले, की इथेही दोनच मतं ऐकू येतात: ‘लोकशाही आहे, काहीही बोलू’ किंवा ‘भावना दुखावल्या, आत टाका’. दोन्ही चूक आहेत.

पहिल्याचं उत्तर जवळच, सचिनलगतच्या लाजपोर कारागृहात मिळतं. पाटीदार आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल तिथे होते. आत्महत्येची भाषा करणाऱ्या तरुणाला ‘स्वतः मरण्यापेक्षा पोलिसांना मार’ अशा अर्थाचं बोलल्याचा आरोप ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरतेत त्यांच्यावर झाला आणि राजद्रोहाचा गुन्हा नोंदला गेला. सुमारे नऊ महिन्यांनी, १५ जुलै २०१६ ला ते सुटले, तेही सहा महिने गुजरातबाहेर राहण्याच्या अटीवर. राजद्रोहाचं कलम मला अवाजवी वाटतं. पण ‘मार’ म्हणून सांगणं हे मतप्रदर्शन नव्हे. घटनेचं कलम १९(१) बोलण्याचा हक्क देतं, तर १९(२) त्यावर वाजवी निर्बंध घालू देतं: गुन्ह्याला चिथावणी, बदनामी, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वगैरे. अमेरिकेत २०११ मध्ये सैनिकाच्या अंत्यविधीजवळच्या किळसवाण्या निदर्शनांनाही सर्वोच्च न्यायालयानं संरक्षण दिलं. तो दाखला भारतात जसाच्या तसा लागू होत नाही.

दुसरा गैरसमज जास्त घातक, कारण तो निरपराधांना तुरुंग दाखवतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं कलम ३७० रद्द झालेला ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस असल्याचं स्टेटस ठेवलं. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मार्च २०२४ ला तो रद्द केला: सरकारच्या निर्णयाचा निषेध हा नागरिकाचा हक्क आहे. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मनावरचा. पदोपदी शत्रुत्व शोधणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापानं नाही. ही कसोटी नागपूरच्या उच्च न्यायालयानं १९४६ सालीच घालून दिली होती.

‘रस्ता सरकारचा, परवानगी पोलिसांच्या मर्जीची’ हेही खरं नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह खटल्यात घटनापीठानं १९७२ मध्ये सांगितलं, की पोलीस सभेची वेळ-जागा ठरवू शकतात, पण मनमानी नकार देऊ शकत नाहीत. उलट बाजूनं, दिल्लीतल्या शाहीन बाग धरण्याच्या निकालात (२०२०) सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवणं न्यायालयानं अमान्य केलं.

‘शिक्षा झाली तरच नुकसान’ असं मात्र कुणी समजू नये. पाळीवर काम करणाऱ्या तरुणाला प्रत्येक तारखेला खाडा पडतो, रोजी बुडते. पोलीस पडताळणीत प्रलंबित गुन्हा समोर येतो. निर्दोष सुटल्यावर ती वर्षं परत मिळत नाहीत.

म्हणून एक तरतूद प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत हवी. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, पोलीस उपअधीक्षकाच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. २८ मार्च २०२५ ला, कवी-खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर जामनगरमध्ये नोंदलेला गुन्हा रद्द करताना, सर्वोच्च न्यायालयानं बोलण्या-लिहिण्याच्या तक्रारींत आधी हीच वाट धरणं योग्य ठरवलं.