कासवाच्या काळजातला आणि म्हशीच्या यकृतातला कृमी

समुद्री कासवांच्या हृदयात अन् रक्तवाहिन्यांत राहणारे पर्णकृमी असतात. कृमींपेक्षा जास्त नुकसान त्यांची अंडी करतात. ती रक्तासोबत वाहत मेंदू, फुप्फुस, यकृतात जाऊन रुततात आणि भोवतीच्या ऊतीला सूज येऊन गाठी धरतात.

आपल्या सौंदड गावाला समुद्र कुठला! पण या कृमीचा भाऊबंद इथल्या बोडीत (छोट्या तळ्यात), धानाच्या बांधीत आहेच: गुरांच्या यकृतातला फॅसिओला. आधी तो पाण्यातल्या लिम्निया गोगलगायीत वाढतो, मग बाहेर पडून काठच्या गवतावर कवच करून बसतो. म्हैस ते गवत खाते. पिल्लू कृमी आतडं भोसकून यकृतात शिरतो आणि काही आठवडे ते अक्षरशः पोखरत पित्तनलिकेपर्यंत पोचतो. तिथे तो पानासारखा चपटा, 7 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नलिका जाड, टणक होतात.

जनावर रोडावतं, दूध आटतं, जबड्याखाली पाणी उतरतं. लोक चाऱ्याला दोष देतात. माझ्या मते आधी शेण तपासून घ्यावं. सगळीच जंताची औषधं पर्णकृमीवर चालत नाहीत. ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींनाही मारतं, ऑक्सिक्लोझानाइड मुख्यतः मोठ्यांना. मात्रा पशुवैद्यकांनाच विचारा. बोडीकाठचं ओलं गवत ताजं घालू नका.